खांद्यावरचे दाते

नागपूर, १० फेब्रुवारी १९७४

प्रेमिलाबाईले लहानूचा जयभीम.

बाई, मी एक काम केलं, जे करायले नव्हतं पायजे. माय-बाबाले सांगतलं नाई, सांगणारही नाई. तुले सांगून राहिलो, कारण लहानपणापासून माझ्या भानगडी तुझ्याच पदरात पडते. पोस्टकार्ड टाकलं असतं तर सावनेरच्या पोस्टमननं तुझ्या आधी वाचलं असतं, म्हणून हे इनलँड.

आमच्या गिरिधररावाले तू ओळखतेच. सीताबर्डीत त्याईचं पुरुषाच्या कपड्याचं दुकान, अन् मी तिथला कटिंग मास्तर. मास्तर मीच म्हणतो, ते मले पोट्टा म्हणते. यंदा त्याईच्या डोक्यात शिरलं का सगळी बर्डी बेलबॉटम विकून राहिली, आपण आपल्या मुलखातलं काहीतरी काढू. कॉलेजचे पोट्टे आता हातमागाचं मागते म्हणे. तर मले पाठवलं भंडाऱ्याकडं, कोष्ट्यांच्या गावाले, करवतकाठी कापड आणायले. बायकांच्या लुगड्याले काठावर करवतीसारखे दाते असते ना, तेच. जाताना गिरिधरराव म्हणाले, "नुसता कपडा नको आणू. त्याची कथाबी आण. गिऱ्हाईक आता कथा घालते."

गेलो. एसटीत दोन कोंबड्या मांडीवर घेऊन गेलो. तिथं नत्थूजी नावाचे कोष्टी भेटले. त्याईचा माग पाहण्यासारखा आहे. काठाचा धोटा वेगळा, मधल्या कापडाचा वेगळा, अन् दोन्ही धागे एकमेकात अडकवत अडकवत ते दाते उठवते. मी तासभर कथा काढायचा प्रयत्न केला. हे दाते काहून असते, कोणाचे असते, याच्यामागं काही जुनं आहे का. नत्थूजी म्हणे, दाते आहे. मी म्हणलं, हो, पण काहून? ते म्हणे, कारण दाते आहे. मंग त्याईनं मले चहा पाजला अन् कापड दिलं. झाली कथा.

आता भानगड. पहिलं जाकीट कापायचं होतं ते काठ कमरेले येईल असं. म्हणजे खाली घेराले काठ, अन् दाते वर चढलेले. मी त्या दिवशी घडी उलटी टाकली. कैची चालवली, मंग पाहतो तं काठ खांद्यावर. दाते खाली छातीकडं लोंबून राहिले, जसा कोणी माणसाले वरून चावून राहिला. कोशाचं, रेशमाचं महाग कापड, बाई. गिरिधरराव समोर उभे. त्याईचा हात उठलाच होता. बाजूले एका वकिलाचा पोट्टा गिऱ्हाईक म्हणून बसला होता, म्हणून थांबला.

मी म्हणलं, मालक, हे चुकलं नाई. तिकडं जुनी पद्धतच आहे. कामावर जाणाऱ्या माणसाच्या खांद्यावर दाते ठेवते, म्हणजे वरून काही पडलं तं ते दाते चावून घेते. माणसाले लागत नाई.

तोंडातून कसं निघालं मलेच माहीत नाई. वकिलाच्या पोट्ट्यानं जाकीट तिथंच अंगात घातलं अन् आरशासमोरून हलेचना. आता काचेत तसलंच लटकून राहिलं, अन् गिरिधरराव येईल त्याले ती कथा माझ्यापेक्षा रंगवून सांगते.

उरलेल्या तुकड्याचं एक भाऊजीसाठी शिवलं. पार्सल येऊन राहिलं. भाऊजी कोळशाच्या खदानीत रोज डोक्यावर डोंगर घेऊन काम करते, त्याईले शोभन.

तुझा लहानू

*

सावनेर, २४ फेब्रुवारी

लहानूले बाईचा आशीर्वाद.

पार्सल पोचलं. जाकीट पाहून तुझी भाची चारू टाळ्या वाजवत सुटली. तुझे भाऊजी मात्र घालेचना. म्हणे, हा लुगड्याचा काठ आहे, खदानीतले लोक मले बायको म्हणतीन. दोन दिवस खुंटीवर लटकत राहिलं. तू सुईनं बोटं फोडून घेतले असशीन, अन् ते तसंच लटकून राहिलं, मले बरं नाई वाटलं.

मंग मी तेच केलं जे तू केलं. त्याले तुझी कथा सांगतली. वरून पडलं तं दाते चावून घेते. मी हसतच सांगतली, लहान्या. मले वाटलं तोबी हसन. तो हसला नाई. जाकीट खुंटीवरून काढलं, खांद्यावर बोट फिरवलं, अन् दुसऱ्या दिवशी उघड्या अंगावर घालून खाली गेला.

त्याच्या टोळीतल्या चौघाले तसंच पायजे. त्याले म्हणते, बळीराम, तुझ्या साळ्याले सांग. मी तुले निरोप देऊन राहिले, बस.

तू नीट जेवत जा.

बाई

*

नागपूर, ९ मार्च

बाईले जयभीम.

चौघाचे जाकिटं पाठवले. छोट्या लाईनीच्या गाडीनं तुमच्याकडचा एक माणूस चालला होता, त्याच्या हाती दिले. त्यानं स्टेशनवरच एक अंगात घालून पाहिलं, म्हणून एकाचं बटण ढिलं असन.

इकडं माझा भाव वाढला. गिरिधररावानं आता मले रामटेकपर्यंत पाठवलं, कुठं काय नक्षी दिसते ते पाहून ये म्हणून. मी मंदिराच्या पायऱ्यावर बसून दगडातल्या वेलबुट्ट्या पाहिल्या, दोन माकडांनी माझे भजे पळवले, अन् घरी येऊन सदऱ्याच्या कॉलरवर वेल काढली. पण मागणी दात्याचीच आहे. कथाही वाढून राहिली. काल एका गिऱ्हाईकानं मलेच सांगतली, अन् त्यात एक राजा घुसला होता. मी मान डोलावली.

बाबाले मात्र कळलं. मी घरी एक जाकीट काजं करायले आणलं होतं. मिलमधून आल्यावर त्याईनं ते हातात घेतलं. शेजारच्यानं कथा सांगतली असन. हात धुतले, पुसले, अन् मंग बोलले, "छप्पन साली आम्ही घरातले देव नाल्यात टाकून आलो. तू ते परत आणून राहिला, अन् लोकाच्या खांद्यावर बसवून राहिला."

मी म्हणलं, बाबा, हे तं कापड आहे, देव कुठं आहे याच्यात. ते म्हणे, "देव कापडात नसतेच. मानणाऱ्याच्या डोक्यात असते." त्यानंतर माझ्याशी बोलत नाई. मायनं दोन्हीकडं ताटं वाढले.

राहू दे. मले हे सांग, भाऊजी ते घालून खाली काय करते? कोणी फोटो काढला का?

लहानू

*

सावनेर, ३१ मार्च

लहानू,

तू विचारलं काय करते. मले नव्हतं लिहायचं, पण आता लिहिते.

इथं देवाजी नावाचा म्हातारा आहे. त्याचं काम छत ठोकायचं. पाळी उतरली का आधी तो एकटा पुढं जाते, हातात लांब काठी, छताले ठोकते अन् कान लावते. तो हो म्हणे तवर बाकीचे मागं थांबते. तुझे भाऊजीही थांबत. मी त्याले विचारायची, खाली उतरल्यावर काय करता, तं म्हणे, आधी देवाजीची वाट पाहतो, मंग बिडी आठवते, पण पेटवता येत नाई, मंग काम.

आता थांबत नाई. पाचही जाकिटवाले सरळ आत घुसते, देवाजी मागून ओरडत राहते. ते त्याले म्हणते, तुझ्या अंगावर दाते नाई म्हणून तू भेते. म्हाताऱ्याले चिडवायले त्याच्यासारखं लंगडत चालून दाखवते. तो माझ्याकडं आला होता. म्हणे, पोरी, तू शिकलेली आहे, तू समजाव. मी काय समजावू? त्याच्या तोंडाकडं पाहायची माझी हिंमत नाई झाली. मीच सांगतली ना ती कथा माझ्या नवऱ्याले.

काल मी तुझ्या भाऊजीले म्हणलं, ते गमतीनं म्हणलं होतं मी. तो माझ्याकडं असा पाहत राहिला का जशी मी त्याच्यापासून काही काढून घेऊन राहिले. म्हणे, तुले काय माहीत खाली कसं वाटते.

तू ये अन् सगळ्यायसमोर सांग. आणखी एकबी जाकीट पाठवू नको.

बाई

*

नागपूर, ६ एप्रिल

बाई,

घाबरू नको. लगीनसराई चालू आहे, एकेका नवरदेवाचे तीन-तीन सूट पडून आहे, त्यावर चौदा एप्रिलची तयारी. मले लगेच निघता येत नाई. पण सोबत एक कागद ठेवला आहे, भाऊजीच्या नावानं. त्यात साफ लिहिलं आहे का घडी उलटी पडली होती, चूक माझी, कथा मी बनवली, दात्यात काहीच नाई. नत्थूजीचंही नाव टाकलं. खाली सही केली, इंग्रजीत केली म्हणजे खरी वाटन.

तू तो टोळीसमोर मोठ्यानं वाचून दाखव. हसतीन, मले चार शिव्या देतीन, अन् विषय संपन. मले शिव्यांची सवय आहे. शाळेतून काढलं तवा हेडमास्तरनं दिल्या होत्या, त्याहून मोठ्या नसतीन.

लहानू

*

सावनेर, २२ एप्रिल

लहानू,

तुझा कागद मी अंगणात सगळ्यायसमोर वाचला. कोणी शिव्या दिल्या नाई. हसले. एक म्हणे, दुकानदाराले आता पैसेवाल्यासाठीच ठेवायचे असन, म्हणून पोट्ट्याकडून हे लिहून घेतलं. दुसरा म्हणे, त्याच्या बापानं दम दिला असन, तो कट्टर आहे. तुझे भाऊजी उठले. कागद माझ्या हातातून घेतला, घडी केली, अन् चुलीत टाकला.

त्याच्यानंतर चार दिवसानं छत पडलं.

मी तिथं नव्हती, जे ऐकलं ते सांगते. पाचही जण आत होते. देवाजी त्याईच्या मागून आपला एकटाच ठोकत येऊन राहिला होता, कोणी सांगतलं नसताना. त्याले आवाज बरोबर नाई वाटला. तो बोंबलत आत पळाला, निघा निघा करत. पाचही जण त्याले ढकलून बाहेर निघाले. सगळ्यात मागं राहिला देवाजी. दोन्ही पाय दगडाखाली गेले. एक पाय वाचन म्हणते. त्याले नागपूरच्या मेडिकलमध्ये, मोठ्या दवाखान्यात नेलं.

आता ऐक, लहान्या. तुझ्या भाऊजीच्या खांद्यावरून एक दगड घासून गेला. जाकीट तिथं फाटलं, बरोबर दात्यावर. आत कातडीले ओरखडाही नाई. लोक ते फाटलेलं पाहायले येऊन राहिले. बायका लेकरं घेऊन येते. एकीनं तिथं हळदकुंकू लावलं, मी पुसून टाकलं तं माझ्यावरच डोळे काढले. सगळे म्हणते, पाच दातेवाले वाचले, एक बिनदाताचा पडला, आता याच्याहून आणखी काय पायजे.

पूर्ण पाळीले जाकिटं पायजे. शिवणारा देव माणूस आहे म्हणते.

तुझ्या भाऊजीच्या डोळ्यात आता भीती नाई राहिली. इतक्या वर्षात मी त्याले असं कधी नाई पाहिलं. पहाटे निघते तवा मागं वळूनही पाहत नाई. मले त्या डोळ्यांची भीती वाटून राहिली.

काहीतरी कर.

बाई

*

नागपूर, ५ मे

बाई,

तुझं पत्र वाचून मी दुकानातून तसाच मेडिकलमध्ये गेलो, गळ्यात टेप लटकून होती.

देवाजी भिंतीकडच्या खाटेवर आहे. एक पाय नाई राहिला. दुसऱ्याले प्लास्टर. मी नाव सांगायच्या आधीच त्यानं टेप पाहिली अन् म्हणे, "तू का तो?" मी म्हणलं हो. मले वाटलं थोबाडीत मारन. त्यानं मले बसायले जागा करून दिली. मी खाटेच्या काठावर बसलो.

मी त्याले सगळं सांगतलं. घडी, कैची, मालकाचा हात. तो पोटावर हात ठेवून हसला, मंग पाय दुखला म्हणून थांबला. मी म्हणलं, मी स्वतः येऊन सगळ्यायसमोर खरं सांगतो.

तो म्हणे, "नाई मानणार. तू पाया पडून सांग, तरी म्हणतीन काय नम्र माणूस आहे." मंग म्हणे, "छत बोलते, पोरा. घट्ट असलं तं टण्ण करते. सुटलं असलं तं बोद बोलते, रिकाम्या माठासारखं. कोणालेबी ऐकू येते ते. पण भीती असली तरच माणूस कान लावते. तुझ्या जाकिटानं त्याईची भीती खाल्ली."

बाई, मी परतीच्या वाटेनं पायीच आलो. खरं सांगून पाहिलं, चुलीत गेलं. मंग मले वाटलं, खोट्यानं आत गेले, तं खोट्यानंच बाहेर निघतीन. मले दुसरं येते काय?

मी परत नत्थूजीकडं जाऊन कापड आणलं. एक जाकीट शिवलं, पण या वेळी बरोबर कापलं, गिरिधररावानं पहिल्या दिवशी सांगतलं होतं तसं. काठ कमरेले, दाते वर, छताकडं. पार्सलात तेच आहे.

आता तुले ही गोष्ट सांगायची आहे, अन् न हसता सांगायची आहे. पाण्याच्या नळावर सांग, तिथून लवकर पसरते. म्हणायचं, लहानूनं अर्धीच कथा सांगतली होती, बाकीची आता कोष्ट्याकडून आणली. खांद्यावरचे दाते झोपलेले असते. त्याईले कोणीतरी जागं करा लागते. ज्याच्या कमरेले वर चढलेले दाते आहे, तो पुढं जाऊन छताले काठी मारन, कान लावन, तवाच बाकीच्यायचे दाते जागे होते. आवाज बोद आला तं दाते उठतच नाई, मंग त्या जागी कोणी पाय ठेवायचा नाई. देवाजी पुढं नसताना जे वाचले ते वाचले, दर वेळी नाई वाचणार.

अन् एक आणखी, हे विसरू नको. वर चढलेले दाते घालणाऱ्याले स्वतःले काहीच राखण नाई. तो फक्त दुसऱ्याचे जागवते. हे मी मुद्दाम ठेवलं. ठोकणारा भिला पायजे.

जाकीट देवाजीले द्या. त्याले मी सांगून ठेवलं आहे, तो तयार आहे. पाय नाई तं बसून राहीन, पण कोणाले पाठवायचं ते त्याच्या तोंडानं ठरन. म्हाताऱ्याचं ऐकतीन आता.

लहानू

*

सावनेर, २ जून

लहानू,

तू सांगतलं तसं केलं. नळावर एकीले सांगतलं, पाळी सुटायच्या आत माझ्याच घरी ती गोष्ट परत आली, अन् मी नवीन ऐकल्यासारखं तोंड केलं. मले खोटं बोलता येत नाई असं माय म्हणायची. येते.

सगळे जण जाकीट घेऊन देवाजीकडं नागपूरले गेले. चिडवणारेही गेले. तू तिथं नव्हता म्हणून सांगते. देवाजीनं जाकीट मांडीवर घेतलं, दाते बोटानं मोजल्यासारखे केले, अन् म्हणे, मले पाय नाई, कोणीतरी घाला लागन. त्यानं सगळ्यायकडं एकेक करून पाहिलं. मंग ते तुझ्या भाऊजीच्या अंगात घातलं.

मले हे सांगतलं नव्हतं तू. तुलेही माहीत नसन. पण आता माझा नवरा सगळ्यात पुढं आहे, लहान्या. सगळ्यायच्या आधी, एकटा, न तपासलेल्या छताखाली. अन् त्याच्या अंगावर ते जाकीट आहे, ज्याच्यात त्याले स्वतःले राखण नाई असं तूच सांगतलं.

त्यानं जुनं फाटकं जाकीट खुंटीवर टांगून ठेवलं. त्याच्याकडं पाहते अन् घालत नाई.

मी पहिले चार दिवस तुले शिव्या दिल्या. मंग मले दिसायले लागलं. तो सुटीच्या दिवशी मेडिकलमध्ये जाते. देवाजी त्याले खाटेजवळचा माठ भरून अन् रिकामा करून ठोकून दाखवते. आता तो घरी सगळंच ठोकते. भिंत, डबे, दार. चारूची पाठसुद्धा, हळूच, दोन बोटानं, अन् कान लावते. ती खिदळते. तो हसत नाई, ऐकून राहते. जेवण कमी झालं. झोपेत दचकते. पहाटे निघते तवा दारातून मागं वळते, माझ्याकडं अन् चारूकडं पाहून जाते. दोनदा आत जाऊन टोळीले परत घेऊन आला, कोणालेही आत जाऊ दिलं नाई. दुसऱ्या खेपेले साहेबही चिडला. मंग दुपारी तिथं छत खाली आलं, अन् खाली कोणी नव्हतं.

म्हणजे भीती परत आली त्याले. जी मले पायजे होती तीच. पण पाहवत नाई, लहान्या. तो असा जाते जसा कोणी त्याचा हात धरून नेऊन राहिला. रोज वाटते, याले सांगून टाकू का हे सगळं माझ्या भावाची उलटी घडी आहे, ना खालच्या दात्यात काही, ना वरच्या. एक रात तरी निवांत झोपन.

सांगू का? तू म्हणशीन तसं करते. लवकर लिही.

प्रेमिला

*

नागपूर, १२ जून

बाई,

सांगू नको.

भाऊजी परवा दुकानात आले होते. मेडिकलमधून सरळ. गिरिधरराव समोर होते, दोन गिऱ्हाईक होते, म्हणून मी त्याईले मागं शिलाई मशीनकडं नेलं. बसले नाई. कमरेचा काठ दोन्ही हातानं धरून उभे होते. म्हणे, "लहानू, खरं सांग. हे वरचे दाते मले वाचवते का नाई?"

मी त्याईच्या तोंडाकडं पाहिलं. तू लिहिलं तसंच तोंड. बाई, एवढ्या वर्षात मी या माणसाची कितीक मजा घेतली, लग्नात त्याईचे जोडे लपवले, पानात मिरची टाकली. अन् त्या दिवशी पहिल्यांदा त्याईनं मले काही खरं विचारलं, अन् मले खरंच उत्तर देता आलं. मी म्हणलं, "नाई भाऊजी. तुम्हाले काहीच वाचवत नाई. तुमचे कान सोडून."

त्याईनं मान हलवली, जसं का त्याईले हेच माहीत होतं. मंग माझ्या मशीनचं लाकूड बोटानं ठोकलं, ऐकलं, अन् निघून गेले.

तू आता त्याईले सांगतलं का दोन्ही दाते खोटे आहे, तं एक रात झोपतीन. पण बाकीचे? ते भाऊजीच्या काठीची वाट काहून पाहतीन मंग? त्याईले वाटन, दाते खोटे तं ठोकणंही खोटं, अन् ठोकणारा बुवाबाजी करते. पहिले देवाजीले हसले, आता भाऊजीले हसतीन. अन् भाऊजीले वाटन का आतापर्यंत उगीचच भेलो. ज्या दिवशी त्याईले तसं वाटन, त्या दिवशी ते एक जागा ठोकायची सोडतीन. एकच पुरते.

अन् दुसरी गोष्ट मी तुले लिहिली नव्हती, आता लिहितो. शुक्रवारी एक माणूस दुकानात आला, छिंदवाड्याकडच्या खदानीतला. अंगात जाकीट, खांद्यावर दाते. मी हात लावून पाहिलं. विणलेले नाई, ठसे आहे. मिलच्या कापडावर छापलेले दाते. बर्डीतच कोणीतरी छापून राहिलं, अन् ढिगानं तिकडं पाठवून राहिलं. मी त्याले विचारलं, तुमच्याकडं काठी घेऊन पुढं कोण जाते? तो म्हणे, कोणती काठी? मी म्हणलं, दाते जागे कोण करते? तो हसायले लागला. म्हणे, आमचे दाते कधी झोपतच नाई.

बाई, त्याईच्याजवळ अर्धीच गोष्ट आहे. पहिली अर्धी.

रविवारच्या छोट्या लाईनीनं मी तिकडं चाललो. गिरिधररावाले सांगतलं का तिकडच्या आदिवासी बाजारात नवीन नक्षी पाहून येतो. ते खूश झाले, झोळी दिली, म्हणे एखादी नवी कथा आण. मी कथा आणायले नाई, द्यायले चाललो. एकेका खदानीपाशी उतरीन, चहाच्या टपरीवर बसीन, अन् बाकीची अर्धी सांगीन. पोचीन का नाई, माहीत नाई. माझ्या पुढं कापड गेलं आहे. गाडीतून जाताना प्रत्येक स्टेशनवर मी माणसाचे खांदे पाहून राहीन.

म्हणून म्हणतो. आता खरं काय ते फक्त तुझ्याजवळ, माझ्याजवळ अन् देवाजीजवळ आहे. देवाजी तोंड उघडणार नाई. तू उघडू नको. कोणी विचारलं तं म्हण, माझा भाऊ अर्धवट आहे पण कोष्ट्याकडून ऐकून आला. भाऊजीले सांगू नको, ते रडले तरी सांगू नको. मायले नाई. बाबाले तं नाईच, ते पहिल्या गाडीनं सावनेरले येतीन अन् खदानीच्या तोंडाशी उभे राहून खरं बोलतीन, अन् ते बोलणं बरोबरही असन, अन् तरी त्या दिवशी कोणीतरी मरन. हे पत्र वाचून झालं का जाळून टाक, राख पाण्यात टाक. चारू मोठी झाली अन् तिनं विचारलं का बाबा माझी पाठ काहून ठोकत होते, तरी सांगू नको.

तुझ्या पाया पडतो बाई. कोणालेच सांगू नको.

लहानू